पैसा कार्यक्षेत्रात किती हात फिरतो?



आपल्यापैकी जुन्या मंडळींनी बायर कंपनीच्या औषधाच्या डब्यावर 'कोलशेत रोड, ठाणे' असा पत्ता छापलेला वाचला असेल. फवारणीच्या दिवसांत आम्ही तो इतक्यांदा वाचला की कोलशेत म्हणजे औषधांचेच गाव असावे असे आमच्या डोक्यात बसले होते. प्रत्यक्षात ते खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. मासेमारी, थोडी शेती, रेतीबंदर असा तिथला पोटापाण्याचा व्यवहार. मग बायर आली, सँडोझ आली. सँडोझच्या रसायन विभागाची १९९५ साली क्लॅरियंट झाली, आणि पुढे या कारखान्यांच्या जागांवर उंच इमारती उभ्या राहिल्या. सँडोझ बाग हे वस्तीचे नाव तेवढे मागे राहिले.

हा विषय परक्या मुलखाचा समजू नये. आपल्या कार्यक्षेत्रातल्या किती घरांतली मुले आज ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात नोकरीला आहेत, ते प्रत्येकाने आपल्या आळीपुरते मोजून पाहावे. आणि दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. आपला तालुकाही एकाच फाटकावर उभा आहे.

मोठा कारखाना असतो तिथे फाटकाभोवती लहान धंद्यांचा एक फडच उभा राहतो. चहाची टपरी, खानावळ, सायकल दुरुस्ती, वेल्डिंगवाला, लेथवरचा टर्नर, महिन्याच्या खात्यावर माल देणारा किराणावाला. पगाराच्या तारखेला उधारीच्या वह्या मिटतात आणि दुसऱ्या दिवशी नव्या पानावर सुरू होतात. फाटक बंद झाले की साहेबाची बदली होते, कामगाराला काहीतरी हिशेब मिळतो. टपरीवाल्याला काय मिळते? त्याचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नसते. आमच्याकडे बॉयलर पेटला की बाजार पेटतो असे म्हणतात. त्याचा अर्थ उलट बाजूनेही लावून पाहावा.

आम्ही पडलो शेतकी पदविकेचे. अर्थशास्त्राची पुस्तके आमच्या वाटेला फारशी आली नाहीत. पण पाटाचे पाणी आम्हाला कळते. विहिरीवर मोटर कितीही अश्वशक्तीची बसवा, पाट जागोजागी फुटका असेल तर शेवटच्या सरीला ओल पोचत नाही. उसाच्या बिलाचे तसेच आहे. सभासदाच्या खात्यावर शंभर रुपये आले. त्याने नांगराचा फाळ गावच्या लोहाराकडून शेवटून घेतला, लोहाराने त्यातून वाण्याची बाकी दिली, वाण्याने शेंगदाणे आपल्याच दुसऱ्या सभासदाकडून घेतले. शंभराने तीन घरांची कामे केली आणि पैसा अजून कार्यक्षेत्रातच आहे. तेच शंभर रुपये मोबाईलवर बोट ठेवून बाहेर गेले तर एका फेरीतच पाट फुटला. पोरांच्या हौसेच्या वस्तू येऊ देत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण घमेले, दोरखंड आणि कोयतासुद्धा खोक्यातून येऊ लागला आहे, हे आम्ही गट ऑफिसच्या ओट्यावर बसून पाहतो आहोत.

लहान धंद्याला पहिली अडचण भांडवलाची. या बाबतीत ठाणे जिल्ह्याने जे केले ते आपल्या लोकांना फारसे ठाऊक नाही. साखर कारखानदारीतला सहकार आपल्याकडचा, १९५० साली प्रवरेला पहिला सहकारी कारखाना धुराडे पेटवून बसला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण नोकरदारांच्या आणि चाळींच्या गावांतही माणसांनी भाग गोळा करून आपापल्या बँका काढल्या. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची. ठाणे जनता सहकारी बँक आणि कळव्याची पारसिक जनता सहकारी बँक १९७२ च्या, आणि कल्याण जनता १९७३ ची. तो दुष्काळाचा काळ होता, ध्यानात घ्या. मोठ्या बँकेच्या दारात ज्याला उभे करीत नाहीत त्या दुकानदाराला, रिक्षावाल्याला, छोट्या कारखानदाराला ओळखणारी माणसे कर्ज समितीवर असली की कागद कमी लागतात आणि वसुलीही होते. सोसायटीचा सचिव सभासदाचे रान पाहून कर्ज मंजूर करतो, त्यातलाच हा प्रकार.

अर्थात सहकारी पाटी लावली म्हणजे सगळे सोने असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढायची मुभा होती. पुढच्या वर्षी ठेवींचे विमासंरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. सभासदाने वार्षिक सभेत जेवणाच्या पंगतीपुरतेच हजर राहायचे ठरवले की असे दिवस येतात, मग ती बँक असो की साखर कारखाना.

आता जरा आमच्या जिव्हाळ्याचा धंदा. कोलशेतच्या बाजूला ऊस पाहायचा तर तो रसवंतीच्या चरकातच. मुंबई-ठाण्याच्या अनेक रसवंतीगृहांवर नवनाथ, कानिफनाथ ही नावे दिसतात, ती पुरंदर तालुक्याच्या माणसांनी नेलेली. गावचे दैवत पाटीवर आणि चाकाला घुंगरू. कोणत्या योजनेतून हा धंदा निघाला नाही. एक भाऊ गेला, त्याने चुलत्याच्या पोराला नेले, असा तो वाढला. आम्ही टनेज आणि उतारा यांच्या मागे असतो. को ८६०३२ गोडीला चांगली म्हणून तिची शिफारस करतो, आणि टनावारी दर मिळाला की आमचे काम संपते. पण तोच ऊस ग्लासाच्या मापाने विकणारा माणूस किती कुटुंबे पोसतो, याचा विचार आमच्या खात्याने कधी केलेला नाही. तो करायला हवा.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र भांडवलाचा नाही, वेळेवर बिल मिळण्याचा आहे. इथे थोडे स्पष्ट लिहितो, कुणी राग मानू नये. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज, असे बंधन घातले आहे. या चौदा दिवसांसाठी शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, काटे बंद पाडले, आणि ते हक्काचेच होते. पण ज्या वर्कशॉपवाल्याने हंगामाच्या आधी रात्र-रात्र जागून ट्रेलरचे ॲक्सल सरळ केले, गाडीवाटेच्या बैलगाड्यांना धावा बसवल्या, त्याच्या बिलाचे काय? आमच्या ओळखीच्या एका वेल्डरने एका संस्थेकडे आठ महिने खेटे घातले. शेवटी बिल निघाले तोवर गॅस सिलिंडरच्या उधारीपोटी त्याने घरातले दागिने गहाण टाकलेले होते. पोरगा आता पुण्याला कुणाच्या तरी कंपनीत हेल्पर आहे. बापाचे मशीन झाकून ठेवलेले आहे.

कायदा त्यालाही आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही महिन्याच्या चक्रवाढीने, व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरातही तशी तरतूद आली आहे. मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळते. मात्र यासाठी त्या उद्योगाची 'उद्यम' नोंदणी पाहिजे. ती फुकट आहे. आधार आणि पॅन घेऊन बसले तर संगणक केंद्रात तासाभराचे काम. आमच्या पाहणीत कार्यक्षेत्रातल्या बहुतेक लोहार-सुतार-वेल्डर मंडळींना याची वार्ताच नाही, आणि ज्यांना आहे ते म्हणतात, "साहेब, कायदा दाखवला तर पुढच्या हंगामाचं काम मिळंल का?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते संचालक मंडळाने आणि सभेने द्यायचे आहे.

कुणी म्हणेल, गावचा म्हणून महाग आणि खोटा माल घ्यायचा का? मुळीच नाही. काटा मारणारा दुकानदार गावचा असला तरी काटामारच. खत-बियाण्यात आम्ही पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका म्हणून ओरडतो, तोच नियम किराणा आणि भंगारालाही. पण दोन-चार रुपयांच्या फरकासाठी गावचे दुकान सोडताना एक हिशेब मांडावा. पेरणीच्या वेळी खिसा रिकामा असताना कोण थांबतो? खोके पोचवणारा थांबत नाही.

राहिले कोलशेतचे. कारखाने गेले, पण हजारो नवी बिऱ्हाडे आली. त्यांना रोज भाजी, गूळ, दूध, मासळी लागते. खाडीकाठच्या कोळणीला त्या इमारतींच्या फाटकापाशी पाटी टेकायला जागा मिळते की नाही, यावर तिथले राजकारण चालते. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला, विक्रेत्यांची दर पाच वर्षांनी पाहणी आणि नगर पथविक्रेता समिती त्यात आहे. कायद्यात जागा असून रस्त्यावर नसते, हा अनुभव आपल्याला आठवडी बाजारातही येतोच. २०२० पासून फेरीवाल्यांना तारणाशिवाय कर्जाची योजनाही आली, पहिला हप्ता दहा हजारांचा होता. दहा हजारांत पाटी भरते. जागेचे काय ते पालिकेने पाहावे.

आपल्या बाजूने एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हापासून शेतकऱ्यांचा माल शहरात थेट विकण्याची वाट खुली आहे. गुऱ्हाळवाले, भाजीपाला करणारे आणि महिला बचत गट यांनी मिळून पंधरा दिवसांतून एक गाडी ठाण्याला न्यायची, असा विचार आमच्या खात्याने केला आहे. काकवी, सेंद्रिय गूळ, शेंगदाण्याची चटणी, हंगामी भाजी. तिथल्या स्थानिक विक्रेत्या बायकांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून जो माल त्या विकतात तो आपण न्यायचा नाही, उलट गूळ-काकवी त्यांनाच घाऊक द्यायची, असे आमचे मत आहे. यावर वाद होईल, होऊ द्या.

तरी ज्यांची मुले-मुली कोलशेत, बाळकुम, ढोकाळी, मानपाडा किंवा कल्याण-डोंबिवलीकडे राहतात त्यांनी त्यांच्या सोसायटीचे नाव आणि फोन क्रमांक आपापल्या गट ऑफिसात शेतकी मदतनिसांकडे नोंदवावा. ज्या कारागिरांना उद्यम नोंदणी करायची आहे त्यांनी आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक घेऊन सोमवारी गट ऑफिसला यावे, आमचा माणूस बसवलेला असेल. स्थानिक कारागिरांची बिले ४५ दिवसांच्या आत देण्याविषयीचा ठराव वार्षिक सभेत मांडायचा असेल, तर तो सूचक-अनुमोदकाच्या सहीसह मुदतीत कार्यालयात पोचला पाहिजे. सभेत आयत्या वेळी उठून बोललेले इतिवृत्तात येत नाही.