समुद्र लांब, मुठा जवळ

दौंडच्या राहू बेटात दारापासून हाकेच्या अंतरावर मुळा-मुठा वाहते, आणि तिथला माणूस प्यायच्या पाण्यासाठी जार घेऊन फिल्टरवर जातो. नदी जलपर्णीने झाकलेली, बोअरचं पाणी मचूळ. खारं पाणी गोड करायची यंत्रं आपल्या गावांत अशी कधीच येऊन बसली आहेत. त्यांतून उरलेलं जास्त खारट पाणी गटारात जातं, हे मात्र कुणी बघत नाही.

मग दर उन्हाळ्यात पारावर विषय निघतो, समुद्राचंच पाणी गोड करून आणा की! चेन्नईजवळच्या मिंजूरला २०१० पासून ते होतंय. मुंबईसाठी मनोरीला रोज २० कोटी लिटरचा प्रकल्प ठरला आहे. समुद्रकाठच्या शहराने तो जरूर करावा. पण हजार लिटर गोड करायला तीन-चार युनिट वीज लागते आणि घाट चढवून इकडे आणायला आणखी दोनेक युनिट. पाटाने भिजवलेला एकरभर ऊस वर्षाला ८० लाख लिटर तरी पितो. म्हणजे एका एकराला ४० हजार युनिट. कोणता शेतकरी हे बिल भरेल?

मनोरीचं वर्षाचं पाणी होतं अडीच टीएमसीच्या थोडं वर. पुण्याने शुद्ध केलेलं साडेसहा टीएमसी सांडपाणी शेतीला द्यायचं, असा करार आहे. मुंढव्याचं जॅकवेल त्यासाठीच बांधलं. आपला समुद्र तो आहे. फक्त ते पाणी खरोखर शुद्ध होऊन आलं पाहिजे. आज शहराचं मैलापाणी वाळकीच्या संगमावर भीमेत मिसळतं आणि पुढे उजनीत साठतं.

शिरूरचं दुखणं वेगळं. केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाई ही गावं वर्षानुवर्षं पाणी मागताहेत, आणि त्याच तालुक्यात चासकमान नि घोडच्या कालव्यांखाली ऊस पाटाने भिजतो. ठिबकने त्यातलं तिसरा हिस्सा पाणी तरी वाचतं. मी उसाच्या विरोधात नाही, त्यावर घरं उभी राहिली आहेत. पण कालव्याखालच्या उसाला ठिबक सक्तीचं झालंच पाहिजे, आणि वाचलेल्या पाण्यावर पहिला हक्क या वरच्या गावांचा हवा.

कालवा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीआधी आपल्या आमदारांकडे एक मागणी लेखी द्या : मुंढव्यातून किती पाणी सुटलं आणि त्याच्या तपासणीत काय निघालं, हे दर बैठकीत वाचून दाखवा.