कलेला सीमा नसतात म्हणे!

हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी त्याला सरळ व्हेनिसच्या जार्दिनीत नेऊन सोडणार आहे. बागच ती, बिएनालेची. तिथे बेल्जियमने १९०७ मध्ये पहिलं राष्ट्रीय पॅव्हेलियन बांधलं, मग ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स... १९९५ मध्ये दक्षिण कोरियाचं झालं आणि मग कित्येक वर्षं नवीन कुणाला जागाच नव्हती. उरलेल्यांनी आर्सेनालेच्या जुन्या गोदीत नाहीतर गावात भाड्याने बघायचं. थेट आपल्या सोसायटीतलं पार्किंग! आधी आले त्यांचं कायमचं, आणि वर तेच सांगणार, हे राष्ट्राबिष्ट्राचं खूळ आता जुनं झालं.

मला नाही पटत. देशाच्या नावाची पाटी असते म्हणूनच तिथे देशाला जाब विचारता येतो. हान्स हाके या कलाकाराने १९९३ मध्ये जर्मन पॅव्हेलियनची, नाझी काळात नव्याने उभ्या केलेल्या इमारतीची, फरशीच फोडून ठेवली होती. सान्तियागो सिएराने २००३ मध्ये स्पेनचं पुढचं दार बुजवलं आणि मागून फक्त स्पॅनिश ओळखपत्रवाल्यांना आत सोडलं. मी २०२४ मध्ये गेले तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या काळ्या भिंतींवर आर्ची मूरने खडूने आपली वंशावळ लिहिली होती, थेट छतापर्यंत, आणि मध्ये टेबलावर कोठडीत मेलेल्या आदिवासींच्या चौकश्यांच्या कागदांचे गठ्ठे. सरकारी दालनात सरकारवरच फिर्याद! सुवर्णसिंह मिळाला त्याला. पाटी काढली तर ही फिर्याद कुणावर करायची?

आणि आपली पाटी? १८९५ पासून चाललेल्या या प्रदर्शनात भारताचं पहिलं अधिकृत पॅव्हेलियन २०११ मध्ये, रणजित होस्कोटेंनी केलेलं. दुसरं २०१९ मध्ये, गांधीजींवर. २०२२, २०२४ गुल. पैसे नव्हते हे कृपया मला सांगू नका.

त्या २०२४ मध्ये हुसेन मात्र व्हेनिसमध्ये होते. पंढरपुरात जन्मलेले हुसेन, एका खासगी संग्रहालयाने मिठाच्या जुन्या गोदामात मांडलेले. २०११ च्या जूनमध्ये आपलं पहिलं पॅव्हेलियन उघडलं आणि त्याच आठवड्यात ते लंडनमध्ये गेले, कतारचे नागरिक म्हणून. त्यांच्या देशाच्या पॅव्हेलियनमध्ये ते नव्हते, आणि २०२४ मध्ये तर पॅव्हेलियनच नव्हतं.

२०२६ साठी तिसऱ्यांदा घोषणा झाली. छान. पण २०२८ चं काय, २०३० चं काय, ते आत्ताच सांगा की!