कापूस आणि ठिणगी

श्रीगणरायाचे आज घरोघर आगमन होत आहे. कापसाची वस्त्रे वाहून आणि कापसाच्याच वातीचे निरांजन ओवाळून आपण त्या बुद्धिदात्याची पूजा करू. ज्या वस्तीचे नावच कापसावरून पडले, त्या कॉटन ग्रीनच्या भाविकांना याच कापसाची एक दारुण कथा आज सांगावी, असे आम्हांस वाटते.

१४ एप्रिल १९४४. कॉटन ग्रीनच्या दक्षिणेस व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके आणि त्यांच्याच जोडीला कराचीत चढविलेल्या कापसाच्या गाठी! धोक्याचे लाल निशाणही फडकविलेले नव्हते. दुपारी आग दिसली. चार वाजून गेल्यावर प्रचंड स्फोट झाला. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

हे अडाण्यांचे काम नव्हते. युद्धाच्या घाईत जाणत्या माणसांनीच ते चालवून घेतले. मूर्खपणाचे खरे भय हेच. तो शहाण्यांच्या घरी बिनबोभाट नांदतो आणि आपण त्याला क्षुल्लक समजतो.

मंडपाच्या कापडाला टेकलेली विजेची तार, पडद्यालगतची समई आणि ‘दरवर्षी असेच असते’ हे समाधान, यांची जात तीच. आरतीपूर्वी कर्त्या मंडळींनी तारा तपासाव्यात, वाळूच्या बादल्या भरून ठेवाव्यात. विघ्नहर्त्याला हाक मारताना विघ्न आपल्याच हातांनी मांडून ठेवू नये, एवढीच आमची विनंती.