वा! छान! आणि त्यापुढे

मंडळी, "वा! छान!" या दोन शब्दांविरुद्ध आज थोडं लिहायचं आहे. नातेवाइकांनी मनावर घेऊ नये. घेतलं तरी हरकत नाही म्हणा.

आम्ही साठी-सत्तरी ओलांडलेले नऊ जण पेटी शिकतो आहोत. पेटी म्हणजे हार्मोनियम, जरा नटवून सांगायचं तर संवादिनी. कोणी पुण्यात, कोणी ठाण्याला, एक जोडपं नागपूरचं, एक जण मुलाकडे न्यू जर्सीला. कोणाचे गुरुजी घरी येतात, तर कोणी नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिकची परीक्षा देतं. नियम एकच. आठवड्यातून एकदा, जे काही बसलं असेल ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि बाकीच्यांना पाठवायचं.

हा उपद्व्याप कशासाठी, असं आमच्या नणंदबाई विचारतात. तर वाजवताना माणूस स्वतःला ऐकत नाही म्हणून. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, डोळे वहीत, कान तबल्याच्या अॅपकडे. ऐकायला उरतो कोण? रेकॉर्डिंग मात्र सगळं सांगतं. अंतरा आला की घाईघाईने पळत सुटतो, हे मला स्वतःबद्दल तिथेच कळलं. शिवाय आपली चूक आपल्याला एकट्याला कळली तर माणूस खचतो. तीच चूक आणखी आठ जणही करत आहेत हे कळलं की हुरूप येतो. मनुष्यस्वभाव, दुसरं काय!

आणि पेटी हे वाद्य उशिरा शिकणाऱ्यावर दया करणारं आहे. सतारीवर पहिला सूर नीट काढायलाच बोटं सोलवटतात. पेटीवर पट्टी दाबली, भाता हलवला की सूर तयार. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी एक गंमत करून बघावी. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढऱ्यांना हात लावायचा नाही. काळी तीनला षड्ज धरलात तर भूप वाजतो. त्याच पाच पट्ट्या, पण षड्ज काळी एकला मानला की दुर्गा. काळी पाचला मानला की मालकंस! पट्ट्या त्याच, घर बदललं की राग बदलतो. ज्या संध्याकाळी हे मला कळलं, त्या संध्याकाळी स्वयंपाक उशिरा झाला. (गुरुजींसमोर हा प्रयोग करू नये. अंगठा काळ्या पट्टीवर गेलेला त्यांना खपत नाही.)

तशी पेटीला स्वतःलाही बोलणी खायची सवय आहे. परदेशातून आलेली, बारा ठरीव सुरांची, मींड न येणारी, म्हणून १९४० साली तिला ऑल इंडिया रेडिओवर बंदी झाली. ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात महाराष्ट्राने मात्र तिला भजनात, कीर्तनात आणि नाटकाच्या तालमीत सोडली नाही. असो.

आता मूळ मुद्दा. आमच्यात एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, वय ७८. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात वाचला, डावा अजून जड आहे. डावा हात म्हणजे भाता. भाता म्हणजे पेटीचा श्वास. त्यामुळे त्यांचं वाजवणं मधेच विरत जातं, मग हात सावरला की पुन्हा भरून येतं. ऐकणाऱ्याला धाप लागल्यासारखं होतं. ते दर मंगळवारी नेमाने रेकॉर्डिंग पाठवायचे आणि दर मंगळवारी आम्हा सगळ्यांकडून त्यांना मिळायचं, वा! छान! नमस्काराचे जोडलेले हात, गुलाबाचं फूल.

एका मंगळवारी त्यांच्याकडून चुकून भलतंच रेकॉर्डिंग गेलं. वीसेक सेकंद भूप, मग कुकरची शिट्टी, मग "अगं, गॅस बंद कर," आणि संपलं. त्यालाही सात वेळा "वा! छान!" आलं. (मी त्या दिवशी एसटीत होते, म्हणून वाचले.)

आम्ही नंतर हसलो. ते हसले नाहीत. मला फोन करून म्हणाले, "बाई, पेटी गुंडाळून ठेवतो आता. तुम्ही मंडळी माझं वाजवणं ऐकत नाही, माझा आजार ऐकता."

या वाक्यावर मला उत्तर सुचलं नाही. कारण ते खरं होतं. आजारी माणसाला आपण फूल देतो आणि दाराबाहेर पडतो, तसंच चाललं होतं ते.

इकडे दुसरं टोकही आहे, तेही सांगितलं पाहिजे. पूर्वी आमच्यात एक विशारद झालेले गृहस्थ होते. एका बाईंनी भीतभीत पाठवलेल्या यमनात त्यांनी चौदा चुका काढल्या, क्रमांक घालून. एकही चूक खोटी नव्हती. बाईंनी चार महिने पेटी उघडली नाही. चौदा चुका एका वेळी दुरुस्त करणारा माणूस मी तरी एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही, मुलांतही नाही आणि मुख्याध्यापकांतही नाही. चुका काढायला गुरुजी आहेत, त्यांना त्याची फी देतो आपण. सोबत्याचं काम वेगळं आहे.

मी मराठी शिकवायचे. एका वर्गाच्या साठ वह्या, साठ निबंध. वहीत "सुंदर" लिहिलं की मुलं पान उलटून पुढे जायची. पण "तिसऱ्या परिच्छेदातली म्हैस मला दिसली" असा शेरा मिळालेला मुलगा ती वही आख्ख्या वर्गात फिरवायचा. गुण दोघांनाही सारखेच असायचे बरं का! फरक इतकाच की दुसऱ्याला कळलेलं असायचं, बाईंनी माझं वाचलं.

त्या बँकवाल्यांना हा शेरा अखेर ठाण्याच्या एका बाईंनी दिला. त्या आमच्यात सगळ्यांत कच्च्या, अजून अलंकारांतच आहेत. रागांतलं त्यांना फारसं कळत नाही, पण त्यांनी दोन मंगळवारांची रेकॉर्डिंग लागोपाठ लावून ऐकली आणि लिहिलं, "मागच्या खेपेला अंतऱ्यात भाता दोनदा तुटला होता. आज एकदाच तुटला, तोही शेवटच्या ओळीत." ना वा, ना छान. गृहस्थांनी तासाभरात तोच अंतरा पुन्हा वाजवून पाठवला. पुन्हा तुटलाच. पण पाठवला.

माझ्या धाकट्या जाऊबाईंचं म्हणणं असं की, या वयात कशाला एवढी चिकित्सा? दोन घटका करमणूक, गोड बोलावं आणि सोडून द्यावं. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आम्हाला कुठे मैफिली करायच्या आहेत! पण शिकणारा माणूस सत्तरीत असो की सातवीत, आज मला कालच्यापेक्षा काही जास्त आलं का, एवढंच त्याला हवं असतं. त्याला गोड बोलून वाटेला लावणं म्हणजे तुझं आता काही व्हायचं नाही, हे नम्रपणे सांगणं. म्हाताऱ्या माणसांना हे दिवसातून दहा वेळा ऐकावं लागतं, मुलांकडून, डॉक्टरांकडून, रिक्षावाल्याकडून. निदान पेटीपाशी तरी नको.

वेळ लागतो, हे कबूल. नऊ जणांची रेकॉर्डिंग मन लावून ऐकायची तर पाऊण तास जातो. मग सगळ्यांची ऐकू नयेत. दोघांचीच ऐकावीत, पण मागच्या आठवड्याची आठवण ठेवून. बाकीच्यांना फूलही पाठवू नये, गप्प बसावं. माझ्या या सूचनेवर आमच्यात मतभेद आहेत. नागपूरच्या वहिनी म्हणाल्या की फूल नाही आलं तर त्यांना करमत नाही. त्यांना फूल पाठवायचं ठरलं आहे.

मी सध्या यमनात अडकले आहे. षड्ज ओलांडून मंद्र निषादावरून सरळ ऋषभावर जायचं, तिथे बोट सवयीने सा वर पडतं. येत्या रविवारी रेकॉर्डिंग पाठवणार आहे. नणंदबाई, तुम्हालाही पाठवीन. सा किती वेळा पडला ते मोजून कळवा.