टॉवरची भीती आणि धुळीची माया

गेल्या वर्षी आमच्या राजूर गावात मोबाइलचा आणखी एक टॉवर उभा राहणार अशी आवई उठली आणि पारावर सभा भरली. "मास्तर, सही करा न जी! त्या किरणांनी लेकरांना कॅन्सर होतो." अर्ज माझ्यापुढे आला. कागदावरून बोट फिरवले, तर बोट काळे झाले. शेजारून कोळशाचा ट्रक नुकताच गेला होता. मी सही केली नाही. तेव्हापासून मी गावद्रोही!

माझे विज्ञान मॅट्रिकपुरतेच. पण वाचता येते. या लहरी शरीरातले रेणू फोडीत नाहीत. जोर फार असला तर ऊब तेवढी देतात. अंतर दुप्पट झाले की जोर चौथाई उरतो. म्हणून दूरच्या टॉवरपेक्षा कानाला चिकटवलेला फोनच अधिक लहरी देतो. आणि तो तर सभेतल्या प्रत्येकाच्या खिशात होता! शिवाय आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे.

"पण जागतिक आरोग्य संघटनेनेच धोका सांगितला ना?" असे कोणी म्हणेल. सांगितला, पण किती? तिच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना 'कदाचित'च्या खान्यात घातले. त्याच संस्थेने २०१३ साली बाहेरच्या दूषित हवेला 'निश्चित'च्या खान्यात बसवले. घरच्या शेगडीत जळणाऱ्या कोळशाचा धूर तर तिथे आधीपासूनच बसला होता.

मग चुन्याच्या भट्ट्यांच्या धुरावर, तुळशीवर साचणाऱ्या धुळीवर सभा का भरत नाही? कारण उघड आहे. टॉवर परका, धूळ घरची. तिच्यातून भाकरी मिळते. भाकरीशी भांडण कोण उकरणार? माझ्या वर्गातली पोरे मात्र खोकतात. आणि गावात पहिला टॉवर यायच्या आधीही पोरे खोकतच होती.

टॉवरला मोकळे सोडा, असे मी म्हणत नाही. त्याचे माप जरूर मागा. २०१७ साली दूरसंचार खात्याने तशी सोय केली आहे. पण त्याच अर्जात दुसरी ओळ लिहा: गावच्या हवेतली धूळ रोज मोजा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. त्या अर्जावर पहिली सही माझी!

वाचकहो, दिवाळीत रांगोळीआधी आमच्या बायका अंगण झाडतात, आणि घटकाभरात रांगोळीवर काळी साय धरते. भ्यायचेच, तर आधी डोळ्यांना दिसते त्याला भ्या.