कर्ता कोण?



हा अंक कवितांचा. तरी संपादकीयात मी इंग्रजीचं व्याकरण घेऊन बसलोय. 'च्यायला, पँथरच्या वारसांनी आता पोरांना व्हॉइस बदलायला शिकवायचं काय?' असं एका मित्रानं तोंडावर विचारलं. त्याला उत्तर इथंच देतो, सगळ्यांसमोर.

गोदीतली पाळी संपली की संध्याकाळी मी वस्तीतल्या विहारात बसतो. दहावीची पोरं गाइडं घेऊन येतात. मी स्वतः मॅट्रिक. तेवढ्या शिदोरीवर उत्तरं देतो. अडलं की सरळ सांगतो, उद्या बघून सांगेन.

परवा एका पोरीनं विचारलं, 'दादा, पॅसिव्ह करताना शेवटी 'बाय' अमुक लिहायचं का नाही? गाइडात कुठं लिहिलंय, कुठं गाळलंय.' नियम सोपा आहे. करणारा ठाऊक नसेल, महत्त्वाचा नसेल किंवा न सांगता कळत असेल, तर 'बाय' गाळतात. परीक्षेपुरतं उत्तर संपलं. पण पोरगी गप बसली नाही. म्हणाली, 'करणारा महत्त्वाचा नाही, हे ठरवतं कोण?'

हा प्रश्न गाइडात नाही. म्हणून तिला रमाबाई नगर सांगितलं. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक हायवेवर उतरले. राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी १० माणसं मेली. म्हटलं, आता ही गोष्ट तीन तऱ्हांनी लिही.

'पोलिसांनी गोळ्या घातल्या.' यात कर्ता उघडा उभा आहे. 'गोळीबार करण्यात आला.' कर्ता पळाला. 'पोलिसांना गोळीबार करावा लागला.' कर्ता परत आला, पण बिचारा होऊन. जणू मेलेल्यांनीच त्याला चाप ओढायला लावला. व्याकरणात तिन्ही वाक्यं बरोबर. मार्कही तिन्हींना सारखे. पण आपला मुडदा कोणी पाडला, ते एकच वाक्य सरळ सांगतं. उद्या पेपर हातात घ्याल तेव्हा बातमीतलं 'करण्यात आला' पेन्सिलीनं खुणवा आणि बाजूला लिहा: कोणी?

मग येतो उतारा. 'ट्रू की फॉल्स?' पोरं उताऱ्यात ओळ सापडली की 'ट्रू' ठोकून मोकळी होतात. परीक्षेत ते ठीक आहे. तिथं उतारा खरा मानूनच खेळ चालतो. बाहेर खुद्द उताऱ्यालाच पिंजऱ्यात उभं करावं लागतं. लिहिणारा कोण? तो तिथं होता का? असं लिहून कोणाचं भलं होतं? आणि दुसरा कागद काय म्हणतो? रमाबाई नगरात पोलीस म्हणाले, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडल्या. हा पहिला कागद, आणि तो लिहिणारे गोळ्या झाडणारेच. पुढं न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाचा दुसरा कागद आला. त्यानं गोळीबार समर्थनीय नव्हता असं म्हटलं. २००९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयानं गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरलं. पहिल्याच कागदावर आपण 'ट्रू' लिहिलं असतं, तर ती १० माणसं दंगलखोर म्हणूनच राखेत गेली असती.

गोदीत पोत्यांवर छापलेलं असतं, 'यूज नो हुक्स'. या वाक्यात कर्ता कुठाय? व्याकरण म्हणतं, आज्ञार्थी वाक्यात 'यू' अध्याहृत असतो. म्हणजे लिहायचा नाही, समजून घ्यायचा. घेतो की समजून! आकडा माझ्याच हातात असतो. बघा कशी तऱ्हा आहे: हुकूम सुटतो तेव्हा न लिहिलेला कर्ता आपण. गुन्हा होतो तेव्हा न लिहिलेला कर्ता ते.

काहीजण म्हणतात, इंग्रजी शिकून पोरं बाबू होतात, वस्ती विसरतात. होतात, खोटं कशाला बोलू? पण जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं आपलं निवेदन इंग्रजीत ठेवलं. शेतकऱ्याच्या करावर वरच्या जातींचं शिक्षण पोसलं जातं, हे त्यात सरकारला सुनावलं. शाळेत संस्कृत नाकारलं म्हणून बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली. त्यांनीच १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत छापलं. हे बाबू झाले काय?

आता आपल्या अंगावर येऊ. हे चार प्रश्न फक्त दुसऱ्यांना विचारायचे नसतात. मोबाइलवर बाबासाहेबांच्या फोटोखाली कुणीही काहीही छापतं आणि आपण 'जय भीम' म्हणून पुढं ढकलतो. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड काढलेत. खंड नि पान सांगता येत नसेल तर ते वाक्य पुढं ढकलू नका. मागच्या अंकात पान भरायला असंच एक वाक्य मी बाबासाहेबांच्या नावानं छापलं. त्याच पोरीनं विचारलं, 'दादा, हे कुठल्या खंडात?' शोधलं. मला सापडलं नाही. ही चूक 'झाली' नाही. मी केली.

म्हणून मागणी एकच. आपल्या प्रत्येक छावणीनं आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दहावीच्या पोरांसाठी दिवा लावावा. मोर्चाला जोर लागतो तसा याला धीर लागतो. तो ज्याच्याकडं नाही त्यानं निदान सतरंजी अंथरावी.

जाता जाता एक गृहपाठ. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत तीन शब्द दिले: एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. आपल्या भिंतींवर मराठीत लिहिलेलं असतं: शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. दुसरा शब्द तिसरा झाला. कोणी फिरवला? का फिरवला? शोधा, कागद दाखवा, पुढच्या अंकात छापतो.

तिन्ही शब्द आज्ञार्थी आहेत. कर्ता लिहिलेला नाही. तो कोण, ते आता मी सांगायला नको.

जय भीम!