'दुसरा कोणी नाही' असा दाखला

सार्वजनिक विद्यापीठांच्या खरेदीत स्पर्धा हा नियम आणि एकाच पुरवठादाराकडून थेट खरेदी हा अपवाद, असे तत्त्वतः सर्वांनाच मान्य आहे. वाद आहे तो अपवादाचे दार कोणाच्या सहीने उघडते आणि ते उघडल्याचे कोणाला कळते, याविषयी. केंद्रीय विद्यापीठे ज्या सामान्य वित्तीय नियमांनी बांधलेली आहेत, त्यांच्या २०१७ च्या आवृत्तीतील १६६ वा नियम अशा 'एकल निविदे'ला तीनच प्रसंगी मुभा देतो. वस्तू एकच उत्पादक बनवीत असेल. तातडीची गरज असेल आणि तिची कारणे नोंदवून सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घेतली असेल. किंवा असलेल्या यंत्राला जुळणारे सुटे भाग अथवा त्याच जातीचे यंत्र घेणे तज्ज्ञाच्या मते अटळ असेल. पहिल्या प्रसंगासाठी दाखल्याचा नमुनाही नियमातच दिला आहे. ही वस्तू अमुक कंपनी बनविते. दुसरी बनावट अमुक कारणांसाठी चालणार नाही. वित्त शाखेची सहमती आहे. खाली सही.

नियम आखूड आहे आणि वाईटही नाही. दोष आहे तो त्याच्या आधीच्या पायरीत. यंत्राचा तांत्रिक तपशील मागणीपत्रात उतरतो तेव्हाच पुष्कळदा खरेदीचा निकाल लागलेला असतो. एखाद्या विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील लांबी-रुंदी, भिंगाचा व्यास, एवढेच काय पण पडद्याचा आकारही जसाच्या तसा मागणीपत्रात आला, की त्या वर्णनाला उतरणारी वस्तू जगात एकच असणार हे सांगायला ज्योतिषी नको. मग 'दुसरी बनावट चालणार नाही' हे विधान अक्षरशः खरे ठरते. फक्त ते खरे करून घेतलेले असते. तातडीच्या कलमाचीही तीच गत. अनुदान परत जाण्याच्या भीतीने मार्चच्या अखेरच्या आठवड्यात 'निकड' उत्पन्न होते. पण मार्च महिना दरवर्षी येतो आणि त्याची आगाऊ सूचना भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही असते.

म्हणून प्रत्येक दाखल्याकडे संशयाने पाहावे काय? तसे केल्यास अन्याय होईल तो प्रामाणिक संशोधकावर. सर्वांत कमी दराच्या निविदेने आलेले आणि वर्षभरात कोपऱ्यात धूळ खात पडलेले उपकरण हेही सार्वजनिक पैशाचे नुकसानच आहे. त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक तर कायमचे बुडालेले असते. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने संशोधनासाठीच्या वैज्ञानिक उपकरणांपुरत्या मर्यादा सैल केल्या; दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली, आणि शासनाच्या ई-बाजारपेठेबाहेर खरेदी करण्याचा अधिकार कुलगुरूंना व संस्थाचालकांना दिला. ही सवलत स्वागतार्हच आहे. मात्र रकमेची मर्यादा वाढविणे वेगळे आणि कारण सांगण्याचे बंधन ढिले होणे वेगळे. जेवढा अधिकार मोठा, तेवढे कारण उघड असले पाहिजे.

या 'उघड' शब्दाला येथे कालाचे बंधन आहे, आणि ते कसे याचे उदाहरण मुंबईचेच आहे. तेथील आंतरराष्ट्रीय विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेवरून झालेल्या रमण दयाराम शेट्टी खटल्यात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, सार्वजनिक संस्थेने स्वतः घातलेल्या अटी तिला मोडता येत नाहीत. तत्त्व थोर, सरकारी कंत्राटांच्या खटल्यांत ते आजही सांगितले जाते. पण प्रत्यक्ष अर्जदाराला काय मिळाले? काहीच नाही. तो उशिरा आला, तोवर ठेकेदाराचा खर्च होऊन गेला होता, हे न्यायालयाने त्याला विन्मुख पाठविताना विचारात घेतले. पुढे २००६ साली मेरठ नगर निगमाच्या खटल्यात स्पर्धेविना ठेका हा केवळ अपवादात्मक परिस्थितीत द्यावा असे न्यायालयाने बजावले, आणि २००७ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाने तो निर्णय सर्व संबंधितांच्या निदर्शनास आणला. तरीही विमानतळाच्या खटल्यातील तो व्यावहारिक धडा बाजूलाच राहिला. हुकूम निघाल्यानंतरची हरकत ही बहुधा निरुपयोगी हरकत असते.

तेव्हा मागणी एवढीच करावयाची की, एकमेव पुरवठादाराचा दाखला, त्यातील कारणे आणि अपेक्षित किंमत यांसह, खरेदीचा हुकूम निघण्यापूर्वी पंधरा दिवस विद्यापीठाने जाहीर करावा. दुसरा उत्पादक खरोखरच असेल तर तो पुढे येईल; नसेल तर सही करणाऱ्या प्राध्यापकाची बाजू बळकट होईल. आज लेखापरीक्षकाचा आक्षेप निघतो तो तीन-चार वर्षांनी, आणि त्याचे उत्तर लिहीत बसतो तो लेखा शाखेतील लिपिक, ज्याचा तपशील ठरविण्याशी काडीचाही संबंध नव्हता. खरेदी समिती असलेल्या राज्य विद्यापीठांनी केंद्राच्या नियमाची वाट न पाहता हे आपापल्या ठरावाने सुरू करण्यास कोणाची आडकाठी असेल असे वाटत नाही.

स्पर्धा जेथे स्वभावतःच अशक्य आहे तेथे काय, हा प्रश्न उरतो. शोधपत्रिकांचे पाहावे. एका नियतकालिकाचा प्रकाशक एकच. त्याच्यापुढे निविदा मागविणे हा विनोदच. तेथे उपाय निघाला तो खरेदीदार एकत्र येण्याचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळजवळ तेरा हजार नियतकालिके आणि केंद्राच्या व राज्यांच्या मिळून ६,३०० हून अधिक संस्था. रक्कम योग्य आहे की जास्त, यावर मतभेद होऊ शकतील; पण एकट्या-दुकट्या ग्रंथपालाने प्रकाशकाच्या पत्राला मान तुकविण्यापेक्षा हा सौदा निराळा आहे, यात शंका नाही.

हीच एकजूट प्रयोगशाळांच्या बाबतीत का नसावी? यंत्र एकदा घेतले की त्याची रसायने, नळकांडी, दिवे आणि वार्षिक देखभाल पुष्कळदा त्याच कंपनीकडून घ्यावी लागतात, आणि त्या प्रत्येक खरेदीला 'जुळणारे भाग' हे तिसरे कलम आपोआप लागू होते. स्वस्तात दिलेले यंत्र पुढील कित्येक वर्षे दामदुपटीने वसूल होत राहते. पाच जिल्ह्यांतील विद्यापीठांनी एकत्र बसून, यंत्राबरोबरच पुढील पाच वर्षांच्या सामग्रीचे व देखभालीचे दर आधी लेखी मागितले, तर विक्रेत्याला तो हिशेब टाळता येणार नाही. १६६ व्या नियमातील दाखल्याच्या नमुन्यात त्यासाठी आज एकही रकाना नाही.